फुगा भरला, ज्योत धरेना

वीज तयार करायची, हे मी प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकलं होतं. का, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर माझ्या खिशात होतं. कुणी विचारलं नाही, आणि मीही ते उत्तर कधी बाहेर काढून उजेडात धरलं नाही.

सोसायटी सर्जापूर रस्त्यावरची, चारशेच्या वर फ्लॅट. रोजचा ओला कचरा अडीचशे किलोच्या आगेमागे, त्यात क्लबहाऊसच्या स्वयंपाकघरातलं खरकटं आलंच. २०१२ मध्ये बंगळुरूत कचऱ्याची कोंडी झाली. आधी मावळ्ळीपुरच्या आणि मग मंडूरच्या लोकांनी शहराच्या गाड्या अडवल्या. तेव्हापासून मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा, असा दंडक आला. त्यामुळे बायोगॅस करायचा का, यावर कमिटीत वाद नव्हता. झालेल्या गॅसचं काय करायचं एवढंच ठरायचं होतं आणि ते त्यांनी विश्वासाने माझ्यावर सोपवलं होतं.

मी राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलो. खादी कमिशनची तरंगती टाकी, दीनबंधूचा घुमट, शेणाचं आणि पाण्याचं प्रमाण, हे सगळं तिथे घोकलेलं. नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि पुढे स्वतःचं सल्लागारीचं काम सुरू केलं. सोसायट्यांच्या कमिट्यांसमोर बोलण्याची एक कला असते, ती मला हळूहळू जमली. गॅस कुणाला दिसत नाही. पाइपातून येतो, शेगडीखाली निळा जळतो, संपतो. दिवा मात्र दिसतो. त्याखाली पाटी लावता येते, पाटीखाली उभं राहून फोटो काढता येतो. बागेतले सगळे दिवे तुमच्या खरकट्यावर पेटतील, हे वाक्य मी बोललो तेव्हा समोरच्यांचे चेहरे खुलले, आणि त्या खुललेल्या चेहऱ्यांवर मी भाळलो.

पण निव्वळ फोटोसाठी मी विजेच्या मागे लागलो असं म्हटलं तर स्वतःवर अन्याय होईल. माझ्या बाजूने ‘पुरा’ नावाचं एक गाव उभं होतं.

भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे बंगळुरातले जुने लोक जिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे, १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांनी ‘अस्त्र’ हा उपक्रम सुरू केला. खेड्यांना उपयोगी पडेल असं विज्ञान-तंत्रज्ञान तयार करायचं, हा त्याचा हेतू. रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. बॉक्रिस यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जात होतं. असा माणूस चूल, शेण आणि जळणाच्या मोळ्या मोजायला लागला. ‘अस्त्र’चं केंद्र तुमकूर जिल्ह्यात, कुणिगल तालुक्यातल्या उंग्र या गावी होतं. त्यांनी आसपासच्या सहा गावांत कोण किती जळण आणतं, किती पाणी वाहतं, बैल किती तास राबतात याची बारकाईने पाहणी केली. पुरा हे त्यातलंच एक. १९७७ मध्ये तिथे ५६ घरं आणि ३५७ माणसं होती.

पुरा गावात आधी सामुदायिक गोबरगॅस बांधला तो स्वयंपाकासाठी. हिशोबात धरलं होतं तेवढं शेण टाकीपर्यंत आलं नाही, गॅस दोन वेळच्या स्वयंपाकाला पुरेना, आणि अर्धवट गॅसला कंटाळून लोकांनी पाठ फिरवली. मग शास्त्रज्ञांनी गावालाच विचारलं की तुम्हाला हवंय तरी काय. उत्तर आलं, पाणी. १९८७ मध्ये त्याच गॅसवर, जोडीला थोडं डिझेल घेऊन, इंजिन चालू झालं. त्यावर जनित्र, जनित्रावर बोअरचा पंप आणि घराघरांतले दिवे. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे २ पैसे मिळत आणि टाकीतून निघालेली मळी वाळूच्या गाळणीवर निथळून ज्याच्या त्याच्या वाट्याची परत दिली जाई. प्लांट गावची पोरं चालवत होती. नव्वदच्या दशकात तो बराच काळ चालला.

हे मी वाचलं होतं, त्यावर भाषणंही ठोकली होती. आणि त्यातून काढलं काय, तर स्वयंपाकाचा गॅस फसतो, वीज टिकते. पुरा गावाने दिलेलं उत्तर मी जसंच्या तसं उचलून सर्जापूर रस्त्यावर आणलं. तिथल्या लोकांना जो प्रश्न विचारला गेला होता, तो मी इथे कुणाला विचारलाच नाही.

पुरा गावात वीज का चालली, हे साध्या गुणाकारातून दिसतं. स्वयंपाकाला माणशी रोज साधारण पाव घनमीटर गॅस लागतो. साडेतीनशे माणसांना पंच्याऐंशी-नव्वद घनमीटर. प्लांटची क्षमता होती बेचाळीसच्या आसपास. म्हणजे निम्म्या गावाची रागीमुद्दे शिजली असती आणि निम्मं गाव भांडत बसलं असतं. पंप आणि दिवे मात्र त्याहून कितीतरी कमी गॅसवर सगळ्यांना पुरत होते. पाणी डोक्यावरून वाहायचं टळलं, ही मिळकत तर वेगळीच.

माझ्या सोसायटीत चित्र बरोबर उलटं होतं. बेसकॉमची वीज, ती गेली तर डिझेलचा जनरेटर, पाणी नळाला. आणि क्लबहाऊसच्या स्वयंपाकघरात मात्र १९ किलोचे निळे सिलिंडर आठवड्याला ढिगाने रिकामे होत होते. त्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून माझ्या टाकीची जागा हाकेच्या अंतरावर होती. सिलिंडर उतरवणाऱ्या टेम्पोला वाट देण्यासाठी मी स्वतः एकदा मोजमापाची फीत गुंडाळून बाजूला झालो होतो. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता आकडेच मांडतो. अडीचशे किलो ओल्या कचऱ्यातून, सगळं सुरळीत असेल तर, वीस-बावीस घनमीटर गॅस निघतो. एका घनमीटरमध्ये सहा युनिटच्या जवळपास उष्णता असते. छोटं इंजिन त्यातल्या पाव हिश्श्याचीच वीज करून देतं, म्हणजे दीड युनिट. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. बरी शेगडी हीच उष्णता निम्म्याहून जास्त भांड्याखाली लावते. बावीस घनमीटरची वीज झाली तेहतीस युनिट. त्यातून कचरा दळणारं यंत्र, रबडीचा म्हणजे पाणी घालून दळलेल्या कचऱ्याचा पंप, गॅसचा ब्लोअर यांनी नऊ-दहा युनिट खाल्ले. उरले तेवीस. युनिटला आठ रुपये धरले तर एकशे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये रोजचे. तोच गॅस शेगडीत जाळला असता तर दहा किलो सिलिंडरचा गॅस वाचला असता, त्या वेळच्या व्यावसायिक दराने आठ-नऊशे रुपयांचा. हा हिशोब आकडेमोडीच्या वहीच्या एका पानावर मावतो. मी तो प्लांट बांधून झाल्यावर केला.

टाकी भरायची वेळ आली ती सप्टेंबरात. सुरुवातीला टाकीत शेण घालावं लागतं. गॅस करणारे जिवाणू जनावराच्या पोटात असतात, खरकट्यात नसतात. वर्तूरकडच्या गवळ्यांकडून टेम्पो भरभरून शेण आणलं. त्यानंतर नियम असा की कचरा थोडा थोडा वाढवत न्यायचा, पूर्ण खुराकावर यायला महिना-दीड महिना सहज लागतो. पण कमिटीने उद्घाटनाचा मुहूर्त १ नोव्हेंबर धरला होता. कन्नड राज्योत्सव. लाल-पिवळे झेंडे, मुलांची नाचगाणी आणि त्याच संध्याकाळी बागेतले दिवे. मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

मधे दसरा आला. बंगळुरातली आयुधपूजा ज्याने पाहिली नाही त्याला कल्पना येणार नाही. गाडीमागे एक कोहळा, कुंकू भरून रस्त्यावर फोडलेला. प्रत्येक दारात केळीचे खुंट. झेंडूच्या माळा. त्यातले कोहळे आणि फुलं कचऱ्याच्या डब्यांतून थेट माझ्या दळणयंत्राकडे आली. पाठोपाठ दिवाळी, म्हणजे होळिगे, पायसम, गुलाबजामचा पाक. आमचा ऑपरेटर औरादचा, बिदर जिल्ह्यातला, घरी मराठी बोलणारा. तो म्हणाला, “साहेब, हे सगळंच टाकायचं का? लई गोड हाय.” मी म्हणालो, टाक. गोडाने गॅस लवकर होतो.

हे ज्ञान मला पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेमुळे होतं. आनंद कर्वे यांनी तिथे दाखवून दिलं होतं की शेणापेक्षा पिठूळ आणि साखरेच्या पदार्थांतून कितीतरी जलद गॅस मिळतो. शेण चाळीस किलो आणि चाळीस दिवस मागतं, तिथे स्टार्च दोन किलो आणि एक दिवस. प्लास्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी. या घरगुती बायोगॅसला २००६ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मला त्यातला एक दिवस लक्षात राहिला, दोन किलो विसरलो. जे जलद कुजतं ते जलद आंबतंही. आंबवणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, आणि त्यांनी केलेलं आम्ल खाऊन मिथेन करणाऱ्यांना वाढायला कित्येक दिवस लागतात. पहिल्यांना मेजवानी दिली तर दुसऱ्यांच्या अंगावर आम्लाचा लोंढा येतो आणि ते काम बंद करतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गॅसचा फुगा तट्ट फुगला. काळं रबरी कापड, एरवी सुरकुतलेलं, आता हाताने दाबलं तरी दबेना. मी फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांचा आणि झेंड्यांचा पाऊस. ऑपरेटर दुपारी येऊन म्हणाला, टाकीचा वास बदललाय, शेणाचा वास गेला, आंबूस येतोय. मी गेलो, झाकणाशी नाक नेलं. आंबलेल्या ताकाला व्हिनेगर घातल्यासारखा वास होता. मला तो आला. पण फुगा भरलेला होता ना, मग वास कसलाही असो, असं मी मनाला सांगितलं.

संध्याकाळी चाचणीची शेगडी जोडली. कॉक सोडला, काडी ओढली. बर्नरवर नेताच काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. गॅसचा झोत येत होता, हाताला लागत होता, पण तो काडी विझवत होता. फुग्यात बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड होता. पीएचचा कागद बुडवला, तो पाच आणि साडेपाचच्या मधल्या रंगावर थांबला. सातच्या आसपास हवा होता. साडेसहाच्या खाली गेला की मिथेनवाले जिवाणू हात टेकतात, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो होतो. ऑपरेटर काही बोलला नाही. काड्यापेटी त्याने परत खिशात ठेवली.

१ नोव्हेंबरला संध्याकाळी बागेतले दिवे लागले. बेसकॉमच्या विजेवर. तो बदल मी इलेक्ट्रिशियनकडून दुपारीच करून घेतला होता. चेंजओव्हर स्विच होताच, फक्त दांडा दुसऱ्या बाजूला. अध्यक्षांनी कळ दाबली, टाळ्या पडल्या, मुलांनी नाडगीत, म्हणजे राज्यगीत, म्हटलं, आणि कुणीतरी माझ्या गळ्यात म्हैसुरी रेशमी शाल घातली. मी हात जोडले. इंजिनच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं, आतला आवाज का येत नाही असं एका मुलाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, सायलेंट जनरेटर आहे.

ती थाप मला आंबलेल्या टाकीपेक्षा जास्त महागात पडली. कारण टाकी सुधारायला आता उघडपणे वेळ मागता येईना. जी चालू आहे असं सांगितलंय ती दुरुस्तीसाठी बंद कशी ठेवणार? खुराक पूर्ण थांबवायला हवा होता, मी नुसता निम्मा केला, कारण कचऱ्याच्या गाड्या परत बोलावल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं. चुना घातला तो घाईत आणि जास्त. टाकीत फेस आला, गाळ तळाशी बसला. शेवटी कमिटीच्या सेक्रेटरींना खरं ते सांगितलं. ते बंगळुरी सभ्य गृहस्थ, आवाज न चढवता म्हणाले, “सर, आता सगळ्यांना सांगत बसू नका, पण दुरुस्त करा.” मग खुराक बंद, नवं शेण, दिवसाआड पीएच. डिसेंबर संपता संपता ज्योत धरली. वार्षिक अहवालात प्लांटने रोज किती वीज केली त्याचा तक्ता होता. नोव्हेंबरच्या रकान्यात मी शून्य भरलं. ते कुणी वाचलं की नाही, देव जाणे.

पुढचे काही महिने किरकोळ भानगडींत गेले. शेवग्याच्या शेंगांचा चोथा हे बंगळुराचं खास दुखणं. सांबारातली शेंग चावून ताटात ठेवलेली, तिचे धागे दळणयंत्राच्या दांड्याला असे गुंडाळले जात की मोटर गुरगुरून थांबायची. मग ऑपरेटर वीज बंद करून आत हात घालणार आणि सुरीने ते दोर कापून काढणार. नारळाच्या शेंड्या, कढीपत्त्याच्या काड्या, केळीची पानं. इंजिनचंही तसंच. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढायला लोखंडाच्या किसाची गाळणी असते, तो कीस वेळेवर बदलायचा असतो. मी त्याची तारीखच कुणाला नेमून दिली नव्हती. इंजिन ऑइल डांबरासारखं काळं झालं, आणि पुढे व्हॉल्व्हवर खर्च आला.

मला खरा धक्का बसला तो खजिनदार मॅडमकडून. बँकेतून निवृत्त झालेल्या, कागद नीट लावून ठेवणाऱ्या बाई. त्यांनी मला बोलावलं आणि दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली. एक बागेच्या दिव्यांचं, कमी झालेलं. दुसरं सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या मीटरचं, वाढलेलं. त्यांनी काही आरोप केला नाही. फक्त विचारलं, “सर, हे का?”

त्याचं कारण माझ्याच पाइपात होतं. कचरा जेवढा, तेवढंच पाणी घालून रबडी करायची असते. आत जितकी जाते तितकी जवळजवळ बाहेर येते. गावात ती शेतात जाते, तिची भांडणं होतात इतकी ती हवीशी असते. फ्लॅटच्या सोसायटीत रोज पाचशे लिटर रबडी कुठे टाकणार? मी आराखड्यात एक बाण काढला होता, ‘सांडपाणी केंद्राकडे’. बाण काढायला काही लागत नाही. ते केंद्र नेहमीच्या सांडपाण्यासाठी बांधलेलं, आणि रबडीत सेंद्रिय भार आणि अमोनिया त्याच्या कितीतरी पट. पाण्यात पुरेशी हवा राहावी म्हणून तिथल्या ऑपरेटरने ब्लोअर रोज तीनेक तास जास्त चालवायला सुरुवात केली होती. साडेपाच किलोवॉटचा ब्लोअर, तीन तास, म्हणजे साडेसोळा युनिट. माझ्या इंजिनाची निव्वळ कमाई तेवीस. खरकट्यापासून वीज करून ती खरकट्याचंच पाणी धुण्यात घालवायची, असा तो कारभार होता. शुद्ध केलेलं पाणी पुन्हा फ्लशला जातं, त्यामुळे काही घरांत कमोडचं पाणी पिवळट दिसू लागल्याच्या तक्रारीही आल्या होत्या. त्या तक्रारी प्लंबरकडे गेल्या, माझ्याकडे कुणी वळवल्या नाहीत, आणि मीही माहिती काढली नाही.

आणि रबडीत घालायचं पाणी? २०२४च्या मार्चमध्ये बोअर आटले, टँकरचे भाव चढले, सोसायटीने गाड्या धुण्यावर बंदी घातली, तेव्हा माझी टाकी रोज अडीचशे लिटर चांगलं पाणी पीत होती. चारशे घरांच्या वापरापुढे हा आकडा नगण्य आहे, खरं आहे. पण बंगळुरात पाणी म्हणजेही वीजच. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून येतं आणि वाटेत टप्प्याटप्प्याने जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवावं लागतं. ऊर्जेची बचत करणारं यंत्र म्हणून मी जे विकलं, ते पंपांनी वर चढवलेलं पाणी कचऱ्यात कालवत होतं. ‘अस्त्र’चंच रूप असलेल्या शाश्वत तंत्रज्ञान केंद्रात, याच शहरात, पालापाचोळा आणि भाजीचा कचरा रबडी न करता, जवळजवळ तसाच पचवणाऱ्या टाक्यांवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. मी त्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेलो असेन.

आता वराहपालकाची गोष्ट. क्लबहाऊसचं शिळं अन्न प्लांटच्या आधी कुठे जात होतं, हे मी सर्वेक्षणात ‘विल्हेवाट’ या रकान्यात एका शब्दात लिहिलं होतं, ‘बाहेर’. त्या बाहेरचा एक माणूस होता. तो रोज रात्री तीनचाकी घेऊन यायचा, निळ्या ड्रमांत भात-सांबार भरून न्यायचा, मोठ्या पिंपात उकळून डुकरांना घालायचा. शहराभोवती असे बरेच आहेत, हॉटेलांच्या खरकट्याची विल्हेवाट त्यांच्यावरच चालते. प्लांट सुरू झाल्यावर वॉचमनने त्याला गेटवरून परत पाठवलं. पुन्हा दोन-तीनदा आला. एकदा मी गेटवर सापडलो. त्याने भांडण काढलं नाही. “सर, ईग हंदिगे एन् हाक्ली?” म्हणजे आता डुकरांना काय घालू. मी त्याला कन्नडमध्ये, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, पर्यावरणाबद्दल काहीतरी सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि गाडी वळवली.

पुरा गावच्या लोकांना शेणाचे पैसे आणि मळी का परत दिली, हे मी भाषणांत सांगत आलो होतो. शेण फुकट नव्हतं, ते कुणाच्या तरी शेताचं खत होतं, म्हणून त्याचा मोबदला. खरकटंही तसंच कुणाचं तरी होतं. त्यातून अन्नाच्या बाबतीत क्रम सगळीकडे हाच सांगतात की आधी माणसांच्या पोटी, मग जनावरांच्या, त्यातूनही उरलं तर गॅस, मग खत. मी दुसऱ्या पायरीवरचं अन्न ओढून तिसरीवर आणलं आणि त्याला संवर्धन म्हटलं. त्याच्या उकळण्याच्या पिंपाखालचं जळण, डुकरांचे रोग, हे प्रश्न खोटे नाहीत, आणि त्यावर त्याच्याशी बोलता आलं असतं. पण मला ते तेव्हा सुचले नव्हते, नंतर स्वतःची बाजू सावरताना सुचले.

दुरुस्त्या झाल्या त्या कमिटीच्या पैशांनी आणि माझ्या फीमधून. इंजिन निम्म्याहून कमी किमतीला विकलं. गॅसचा पाइप क्लबहाऊसच्या स्वयंपाकघरात नेला. भिंत फोडायला एक सकाळ लागली. तिथल्या आचाऱ्याला आधी ज्योत कमी वाटायची, बर्नरची भोकं मोठी केल्यावर तक्रार थांबली. आता रोज पहाटे इडलीचं पाणी त्याच गॅसवर उकळतं. भात आणि सांबार पुन्हा वराहपालक नेतो, त्यामुळे टाकीत सालं, देठं, भाजीचा कचरा आणि घरोघरचं उष्टं एवढंच जातं, आणि गॅस बावीसवरून सोळा-सतरावर आला आहे. टाकी मात्र त्या दिवसांपासून एकदाही आंबली नाही. गोड कमी झालं, त्याचाही वाटा असावा. बागेतली पाटी कमिटीने काढलेली नाही. मी दोनदा सांगितलं, त्यांना ती आवडते.

सांडपाणी केंद्राकडे जाणारा पाइप बंद केला. रबडी आता वाळूच्या गाळणीवर निथळते, घट्ट भाग आनेकलकडचा एक शेतकरी रागीच्या शेतासाठी नेतो, पोत्यामागे काही देत नाही पण वेळेवर येतो, आणि खाली गळलेलं पाणीच आम्ही पुन्हा कचऱ्यात कालवायला वापरतो. ताजं पाणी जवळजवळ थांबलं. यावर मी जरा खूश होतो. मग गेल्या उन्हाळ्यात पीएच उलट्या बाजूने, आठच्या वर चढू लागला आणि टाकीजवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरायला लागले. तेच पाणी फिरत राहिलं की अमोनिया साचत जातो आणि तोही मिथेनवाल्यांना सोसत नाही. हे पुस्तकात आहे. सध्या आठवड्यातून दोन दिवस गळलेलं पाणी झाडांना, आणि त्या दिवशी पावसाच्या टाकीतलं पाणी मिश्रणात, असं करून पाहतो आहे. पावसाळ्यात चाललं. मार्चमध्ये ती पावसाची टाकी रिकामी झाली की काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.